शनिवारचं माप

अंबेताळ शहराच्या भुयारी मेट्रोचा पर्यावरण अहवाल संक्रांतीनंतरच्या सोमवारी प्रभाग कार्यालयात वाचायला ठेवला, तेव्हा त्याच्या पहिल्याच पानावर पोफळे सरांचे आभार मानलेले होते. ‘निवृत्त विज्ञान शिक्षक श्री. दत्तात्रय पोफळे आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी सलग बावीस वर्षे घेतलेल्या विहिरींच्या नोंदींशिवाय पूर्व भागातील भूजलाचा अभ्यास शक्य झाला नसता.’ कार्यालयातल्या शिपायानं ते वाक्य मोठ्यानं वाचून दाखवलं आणि सरांसाठी खुर्ची आणली.

चौऱ्याहत्तर वर्षांचे सर चष्मा पुसून अहवाल वाचायला बसले. पाठ्यपुस्तक तपासावं तसं एकेक पान वाचत दुपारी ते पान दोनशे बारावर आले. तिथं रंगार गल्लीतल्या चार आडांचा आलेख होता. डिसेंबरपासून पाण्याची रेघ सरळ खाली उतरत होती. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यानंतर ती ठिपक्यांची झाली होती आणि वीस मेला तळाला टेकली होती. खाली लिहिलं होतं: ‘आड हंगामी. मे महिन्यात कोरडे पडतात. बोगद्याचा परिणाम नगण्य.’

सरांनी ते तीनदा वाचलं. गेल्या मे महिन्यात रोज सकाळी त्यांनी स्वतःच्या हातानं त्यातल्याच एका आडातून दोन बादल्या पाणी ओढलं होतं.

पत्नी गेल्यानंतर दीड वर्षापूर्वी ते शहराच्या पश्चिमेकडचं घर सोडून रंगार गल्लीत एका जुन्या विद्यार्थ्याच्या माडीवर राहायला आले होते. त्याआधी ते या गल्लीत यायचे ते फक्त इथल्या शाळेच्या दिवसांत. सुट्टी लागली की मूळ गावी जायचे आणि जून उजाडला की परतायचे. मे महिन्यातला रंगार गल्लीचा आड त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा गेल्या वर्षी पाहिला होता.

आलेखातली ठिपक्यांची रेघ का होती, हे त्यांना चटकन कळलं. शाळेला सुट्टी लागली की नोंदी थांबत. पुढचं पाणी अहवाल बनवणाऱ्या यंत्रानं अंदाजानं काढलं होतं. एखादा मुलगा जिना उतरताना दिसला आणि मग भिंतीआड गेला, तर तो खालीच गेला असं आपण धरतो, तसं. हे ठीक होतं. पण एप्रिलमधली रेघ ठिपक्यांची नव्हती. ती भरीव होती, नोंदींची होती, आणि तीही सरळ खाली उतरत होती. गेल्या एप्रिलमध्ये त्यांनी ओढलेली दोरी मात्र आखूड झाली होती. पाणी एक वीतभर वर आलं होतं. तेव्हा त्यांनी म्हातारपणाचा भास म्हणून सोडून दिलं होतं.

आता त्यांना एका मुलीचा चेहरा आठवला. शिपायानं दिलेला चहा तसाच राहिला.

ज्या यंत्रानं हा अहवाल तयार केला त्याचं सरकारी नाव लांबलचक होतं. लोक त्याला ‘शंभरी’ म्हणत. त्याची कल्पना अवघड नाही. समजा, तुम्हाला एका झाडाची फांदी तोडायची आहे, पण तोडल्यावर झाडाचं काय होईल ते माहीत नाही. तुमच्याजवळ त्या झाडाची हुबेहूब प्रत असेल, तर आधी प्रतीची फांदी तोडून बघता येईल. शंभरीमध्ये अख्ख्या शहराची अशी आकड्यांची प्रत होती: पाऊस, माती, खडक, झाडं, विहिरी, रस्त्यांवरच्या गाड्या, त्यांचा धूर, माणसांची फुप्फुसं. त्या प्रतीत बोगदा खणायचा आणि शंभर वर्षं पुढं जाऊन बघायचं. मग परत मागं यायचं, पाऊस थोडा कमी करायचा, ऊन थोडं वाढवायचं, पुन्हा पुढं जायचं. अशी शंभर भविष्यं. त्यांपैकी किती भविष्यांत शहर आजच्यापेक्षा बरं असेल, तो आकडा म्हणजे प्रकल्पाचे गुण. साठाच्या वर गुण मिळाले की परवानगी.

भुयारी मेट्रोला एकाहत्तर मिळाले होते.

पण प्रत कितीही चांगली असली तरी ती नोंदींवरूनच बनते. ज्या विहिरीत कुणी दोरी सोडली नाही, ती विहीर शंभरीच्या शहरात नसतेच.

दोरी सोडायची पद्धत सरांनीच शाळेत सुरू केली होती. शनिवारी सकाळच्या प्रार्थनेनंतर चार मुलं चार आडांवर जात. प्रत्येकाजवळ एक दोरी. तिला टोकाला लोखंडी वजन, दर मीटरला पांढरी चिंधी, दर दहा सेंटिमीटरला एक दोरा. वजन पाण्याला टेकलं की काठाशी दोरी धरायची आणि चिंध्या-दोरे आणि वरचं अंतर बोटांनी मोजून आकडा सांगायचा. आकडा मोठा म्हणजे पाणी खोल, आकडा लहान म्हणजे पाणी वर. मग तो ‘पाण्याच्या वही’त लिहायचा. मुलं त्याला शनिवारचं माप म्हणत. निवृत्तीनंतरही अकरा वर्षं सर दर शनिवारी बसनं येत, शाळा कायमची बंद होईपर्यंत.

दुसऱ्या दिवशी पिशवीत वह्या भरून ते मूल्यांकन केंद्रात गेले. तिथं उपमूल्यांकक म्हणून मीनाक्षी गड्डम काम करत होती. रंगार गल्लीतलीच पद्मशाली कुटुंबातली मुलगी, सरांच्या पाण्याच्या वहीच्या पहिल्या तुकडीतली. तिची आई राजमणीबाई अजून गल्लीतच सूत रंगवायची.

मीनाक्षीनं उठून नमस्कार केला आणि दार लावून घेतलं. सर कशासाठी आले असतील, हे तिनं ओळखलं होतं.

सरांनी पहिली वही उघडली. एप्रिलच्या पानावर लहान मुलीच्या अक्षरात ९.२० लिहिलेलं होतं. त्यावर तांबड्या शाईची आडवी रेघ, आणि शेजारी सरांच्या सुबक अक्षरात ९.५०.

सत्तावीस वर्षांपूर्वी अकरा वर्षांच्या मीनाक्षीनं ते माप आणलं होतं. आधीच्या शनिवारी ९.४० होतं. सरांनी तिला जवळ बसवून प्रेमानं समजावलं होतं. पाऊस नाही, ऊन वाढतंय, मग पाणी वर कसं येईल? तू दोरे उलट्या बाजूनं मोजलेस. होतं असं. ती म्हणाली होती, सर, मी दोनदा मोजलं. सर हसले होते आणि तिच्या डोक्यावर हात ठेवून त्यांनी आकडा दुरुस्त केला होता. आडापर्यंत शंभर पावलं होती. ते गेले नव्हते.

“मी तुला रागावलो असतो तर बरं झालं असतं,” सर म्हणाले. “तू भांडली तरी असतीस.”

मीनाक्षीनं भिंतीवरच्या पडद्यावर शहराचा खडक उभा केला. तो त्यांनी तिला शिकवला होता, आता तिनं त्यांना दाखवला. हा भाग काळ्या दगडाचा. लाखो वर्षांपूर्वी लाव्हारस एकावर एक पसरत गेला, आणि दोन थरांच्या मध्ये भाजलेल्या तांबड्या मातीचा पातळ पट्टा राहिला. काळा दगड पाणी सोडत नाही. पण त्या पट्ट्याजवळच्या भेगांतून पाणी वाहू शकतं, अगदी हळू, दिवसाला आठेक मीटर. पश्चिमेच्या थोरल्या तलावापासून रंगार गल्ली सव्वादोन किलोमीटर. म्हणजे जुलैत तलावात मुरलेलं पाणी गल्लीत पोचायला नऊ महिने लागतील.

“जुलैपासून नऊ महिने,” सर म्हणाले. “एप्रिल.”

“हो सर.”

म्हणजे मुलीनं दोरे बरोबर मोजले होते. शहराच्या पोटातून तलावाचं पाणी दर एप्रिलला गल्लीत येत होतं, मे-जूनमध्ये आड जिवंत ठेवत होतं, आणि मेट्रोचा बोगदा तलाव आणि गल्लीच्या मध्ये त्याच तांबड्या पट्ट्याला कापून जाणार होता.

सरांना हुरूप आला. तांबड्या शाईखालचे आकडे अजून वाचता येत होते. ते सगळे परत यंत्रात घातले तर? ते एकेक वही उघडू लागले. पहिल्या वर्षी एप्रिलमध्ये सहा दुरुस्त्या. दुसऱ्या वर्षी चार. तिसऱ्या वर्षी एक. चौथ्या वर्षीचं पान स्वच्छ होतं. पाचव्या वर्षीचंही. सर पानं उलटत राहिले. नंतरच्या एकोणीस वर्षांत एप्रिलच्या पानांवर तांबड्या शाईचा एक ठिपकाही नव्हता, आणि प्रत्येक आठवड्याला पाणी शहाण्यासारखं दहा सेंटिमीटर खाली उतरत होतं.

“इथं का नाही काही?” त्यांनी विचारलं. “पाणी यायचं थांबलं होतं का?”

मीनाक्षीनं त्या पानावरून बोट फिरवलं.

“आम्ही मोजायचं थांबवलं, सर. एप्रिलमध्ये आम्ही आडावर जाऊन चिंचा खायचो. आधीच्या आकड्यात दहा मिळवायचे आणि लिहायचं. मी सातवीत गेले तेव्हा खालच्या वर्गातल्या पोरींना हे सांगून गेले. त्यांनी त्यांच्या खालच्यांना सांगितलं. एप्रिलमध्ये सर दोरी बघत नाहीत, रेघ बघतात.”

सरांनी वही मिटली.

“तुम्हाला फसवायचं नव्हतं,” ती म्हणाली. “आकडा बरोबर आला की तुम्ही इतके खूश व्हायचात, की चुकीचा आणावासा वाटायचा नाही.”

मग तिनं आणखी एक गोष्ट सांगितली, जी विचारली गेली नव्हती. शहरभरातल्या हजारो यंत्रांकडून शंभरीकडे आकडे येतात. त्यातला एखादा शेजाऱ्यांशी जुळत नसला तर शंभरी तो बाजूला ठेवते. हा नियम मीनाक्षीनंच लिहिला होता. त्यासाठी तिचं कौतुक झालं होतं आणि बढतीही मिळाली होती. “तुम्ही मला जे शिकवलंत तेच मी शंभरीला शिकवलं,” ती म्हणाली. यात टोमणा नव्हता, म्हणून ते सरांना जास्त लागलं.

आता काय करायचं, हा प्रश्न उरला. तीन आठवड्यांनी जनसुनावणी होती. मीनाक्षीनं नियम समजावून सांगितला. एखादी नोंदवही खोटी ठरली तर ती अख्खी काढून टाकली जाते. मग चारही आड ‘नोंद नसलेले’ होतील, आणि जे नोंदीत नाही त्याचं नुकसानही मोजलं जात नाही. तिनं तसं करून बघितलं होतं. गुण एकाहत्तरवरून चौऱ्याहत्तर होत होते. शिवाय आज आड हंगामी म्हणून का होईना अहवालात आहेत, म्हणून गल्लीला उन्हाळ्यासाठी नळाची जोडणी द्यायची अट आहे. नोंद गेली की अटही जाईल.

“म्हणजे मी खरं बोललो तर गल्लीचं नुकसान आणि गप्प बसलो तरी गल्लीचं नुकसान,” सर म्हणाले.

“गप्प बसलात तर नळ तरी मिळेल.”

सर वह्या घेऊन निघाले. तिनं पिशवी बसस्टॉपपर्यंत आणून दिली, शाळेत आणायची तशी.

पुढचे दोन आठवडे सरांनी फार थोडं खाल्लं. रोज सकाळी ते आडाच्या काठावर बसत आणि पाण्यात बघत. जानेवारीतलं पाणी काही सांगत नव्हतं. शेवटी एका सकाळी ते राजमणीबाईंच्या अंगणात गेले. तिथं निळीच्या हौदातून सूत काढणं चाललं होतं. कोपरापर्यंत निळे झालेले हात तसेच धरून राजमणीबाईंनी सगळं ऐकलं. सरांनी लपवलं काहीच नाही, मुलीचंही.

“बावीस वर्षं तुम्ही आमची पोरं आडावर पाठवलीत, सर,” त्या म्हणाल्या. “आम्ही तिथंच सूत धूत होतो. आम्हाला कधी विचारलं नाहीत, बायांनो, उन्हाळ्यात पाणी कधी चढतं म्हणून. आम्ही त्याला तलावाचं पाणी म्हणतो. माझी सासू म्हणायची.”

सर मान खाली घालून उभे राहिले. मग त्यांनी नळाचं विचारलं. गप्प बसलं तर नळ मिळेल, बोललं तर तोही जाईल. काय करू?

राजमणीबाई हसल्या. नळाच्या पाण्यात औषध असतं, त्यात नीळ धरत नाही, डाग पडतात, असं त्यांनी सांगितलं. तीनशे घरांच्या चुली या हौदांवर चालतात. नळाचं पाणी प्यायला होईल, पण पिऊन करायचं काय? “तुम्ही बोला,” त्या म्हणाल्या. “आणि तिलाही बोलायला लावा. तिचा पगार माझ्या हौदातून नाही येत, पण ती आली त्यातूनच.”

सुनावणी नाट्यगृहात होती. मुख्य मूल्यांकक तुंगारे साहेब स्टेजवर बसले होते. सभ्य, थकलेला माणूस. त्यांच्यावर राग धरणं सरांना जमलं नाही. सर उभे राहिले आणि चाळीस वर्षं वर्गात बोलत आले तसे सावकाश, स्पष्ट बोलले. दुरुस्त्या कशा केल्या, नंतर मुलांनी आकडे कसे रचले, तलावाचं पाणी कसं येतं. शेवटी त्यांनी फक्त दोन महिने मागितले. एप्रिल येऊ द्या. मोजू द्या. मग ठरवा.

नाट्यगृहात कुजबुज झाली. मागून कुणीतरी म्हणालं, मास्तरच नापास झाले. लोक हसले.

तुंगारे साहेब हसले नाहीत. आपलं म्हणणं खरं असेल, ते म्हणाले, पण याला दुजोरा देणारं कुणी आहे का?

मीनाक्षी स्टेजवरच्या तिसऱ्या खुर्चीतून उठली. ती खुर्चीतून उठेपर्यंत सरांनाही खात्री नव्हती.

“मी आहे,” ती म्हणाली. “रंगार गल्लीच्या वहीतले खोटे आकडे मी लिहिले आणि इतरांना लिहायला शिकवले. त्याआधी एक खरा आकडा लिहिला होता. नऊ मीटर वीस. तो वहीत अजून आहे.”

खोटी नोंद लिहिल्याचं कबूल करणारी व्यक्ती मूल्यांकक राहू शकत नाही, हा नियम तिला पाठ होता. तिनं गळ्यातलं ओळखपत्र काढून टेबलावर ठेवलं आणि पायऱ्या उतरून खाली आईशेजारी जाऊन बसली.

तुंगारे साहेबांनी दोन महिन्यांबद्दल उत्तर दिलं. शहरात रोज तीन लाख गाड्या धूर सोडतात. त्या धुरानं दोन महिन्यांत किती माणसं जातात, तेही शंभरीनंच मोजलंय. एकशे दहा. मार्ग बदलायचा तर तीन वर्षं जातील. “ती माणसं कोणत्या गल्लीत राहतात, सर, ते मला माहीत नाही,” ते म्हणाले. “पण ती आहेत.”

सर वह्या उचलून खाली बसले.

वही काढून टाकण्यात आली. गुण चौऱ्याहत्तर झाले. फाल्गुनात परवानगी निघाली. नळाची अट नव्या अहवालात नव्हती.

एप्रिलच्या दुसऱ्या शनिवारी पाणी चढलं.

त्या दिवशी गल्लीतली सात मुलं, राजमणीबाई, मीनाक्षी आणि सर, सगळे सकाळपासून आडावर होते. दर तासाला दोरी सोडली. सकाळी ९.४०. दुपारी ९.३५. मंगळवारपर्यंत ९.१८. चारही आडांत तेच. मुलं नाचली. मीनाक्षीनं साक्षीदारांच्या सह्या घेतल्या. सरांनी आडातलं पाणी ओंजळीत घेतलं. जुलैत पडलेला पाऊस होता तो. नऊ महिने अंधारात चालत आला होता.

केंद्रातल्या एका जुन्या सहकाऱ्यानं मीनाक्षीला मदत केली आणि हे आकडे शंभरीच्या प्रतीत घालून बघितले. मग प्रश्न चार आडांपुरता राहिला नाही. पाणी तलावाकडून येतं हे कळल्यावर यंत्राला हेही दिसलं, की बोगद्याशी तो रस्ता तुटला तर तलावाचं पाणी कायम बोगद्याकडे झिरपत राहील. तलाव उतरेल, त्याकाठची झाडं जातील, पूर्व भागातल्या नऊशे विहिरी बसतील. गुण आले एकावन्न. साठाच्या खाली.

अर्ज गेला. उत्तर सतरा दिवसांनी आलं. नम्र होतं. एका वर्षाच्या नोंदीवरून निष्कर्ष काढता येत नाही. आजूबाजूच्या नोंदींशी न जुळणारी नोंद बाजूला ठेवण्याचा नियम आहे. सलग तीन वर्षांची मापं सादर केल्यास पुनर्विचार होईल. नियमाचा क्रमांकही दिला होता. तो नियम मीनाक्षीचा होता. तिनं पत्र सरांसमोर ठेवलं.

दुसऱ्या वर्षाचं माप मिळायच्या आतच बोगदा येणार होता, आणि दिवाळीत तो आला. गल्लीच्या पश्चिमेला दीड किलोमीटरवर, जमिनीखाली पंचवीस मीटर. खोदणारं यंत्र तांबड्या पट्ट्याला लागलं तेव्हा आत अकरा दिवस तांबूस पाणी येत राहिलं. पंपांनी ते उपसून नाल्यात सोडलं. सर आणि राजमणीबाई नाल्याच्या पुलावर जाऊन उभे राहिले. जुलैचा पाऊस गल्लीकडे निघाला होता, तो खाली नाल्यातून वाहत होता. राजमणीबाईंनी पदर तोंडाला लावला. मग बोगद्यात सिमेंटच्या कड्या बसल्या आणि पाणी थांबलं, निदान दिसायचं थांबलं.

थंडीत गल्लीतल्या चार घरांनी हौद मोडले. मीनाक्षी एका शिकवणी वर्गात गणित शिकवू लागली. सरांनी शनिवारचं माप चालू ठेवलं. सुट्टीतही, सणाच्या दिवशीही. मुलांना त्यांनी नवी वही दिली आणि एकच नियम सांगितला: या वहीत खोडायचं नाही.

पुन्हा एप्रिल आला. दुसऱ्या शनिवारी जुन्या शाळेजवळच्या आडावर मन्वा बत्तुलची पाळी होती. ती दहा वर्षांची होती, चुणचुणीत, आणि सर तिच्या घरी रोज संध्याकाळी तिला भागाकार शिकवायला जात. आधीच्या शनिवारी ९.८० होतं. सर काठावर बसले होते. ते रात्रभर झोपले नव्हते हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. मन्वालाही.

मन्वानं दोरी सोडली. वजन टेकल्याचा आवाज आला. तिनं काठाशी दोरी धरली, दोरे मोजले, आणि मग मान वर करून सरांकडे बघितलं. जरा वेळ बघतच राहिली.

“सर, चढलंय,” ती म्हणाली. “नऊ साठ. एक वीत चढलंय.”

क्षणभर सरांना सगळं खरं वाटलं. पाण्यानं दुसरी वाट शोधली असेल, खडकात भेगा काय थोड्या असतात, तलाव अजून भरलेला आहे. त्यांनी वही ओढली. पेनाचं टोपण काढलं. आणि मग त्यांची नजर मुलीच्या मुठीवर गेली. नऊ साठ असतं तर दहावी पांढरी चिंधी तिच्या मुठीच्या वर दिसली असती. ती खाली, काठाच्या आत लोंबत होती. मन्वाचा अंगठा दहाव्या चिंधीच्याही पलीकडे होता.

ती अजून त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होती. ते खूश झाले का, ते बघत होती.

सरांनी पेन खाली ठेवलं. गुडघ्यांवर हात टेकून ते काठापाशी तिच्या उंचीला आले. याला वेळ लागला.

“मन्वा,” ते म्हणाले, “माझ्याकडे नको बघू. दोरीकडे बघ.”

तिचे डोळे भरले. तिनं विचारलं, खरं सांगितलं तर तुम्ही रडाल ना. सरांनी सांगितलं, बहुतेक रडेन. पण माप ते माप.

या वेळी त्यांना शंभर पावलं उठून जायचं नव्हतं. ते आडाच्या काठावरच होते. त्यांनी तिच्या हाताखाली आपला हात धरला, फक्त दोरीनं तिचा हात कापू नये म्हणून. मन्वानं दोरी वर ओढली, वजन निथळू दिलं आणि पुन्हा सोडली. या वेळी तिनं मान वर केली नाही.

“दहा मीटर, पाच सेंटिमीटर,” ती आडात बघतच म्हणाली.

“लिही,” सर म्हणाले. “शाईनं लिही.”